रामीबाईचं नाक

दारव्ह्याचा बाजार करून जीप तांड्याच्या फाट्यावर थांबली, की आधी बायका उतरतात, मग पिशव्या आणि सगळ्यात शेवटी गडी. गड्यांना घाई नसते. कारण फाट्यावरच्या लिंबाखाली दगडाला टेकून रामीबाई बसलेली असते. तिच्यापुढं जाऊन वाकायचं आणि तिच्या तोंडावर फू करायची. ती डोळे मिटते, वास घेते आणि म्हणते, "जा घरी." तिनं असं म्हटल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. तांड्याचा प्रमुख जो नायक, त्यानंसुद्धा नाही. हा तांड्याचा नियम, आणि तो घालून दिला रामीबाईनंच.

बाहेरचा माणूस हे पाहून हसतो. तांड्यातला हसत नाही. एकानं येताना मूठभर बडीशेप खाल्ली होती, एकानं कच्चा कांदा चावला होता, एक बहाद्दर तर रॉकेलनं चूळ भरून आला होता. तिघांनाही रामीबाईनं पकडलं, आणि रॉकेलवाल्याला तर कोणत्या गावची घेतली तेही सांगितलं.

हे नाक तिला देवानं दिलं म्हणावं तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सासूनं दिलं. रामीबाई लग्न होऊन आली तेव्हा घरात मोहाची भट्टी होती. चैतात मोहफुलं वेचून आणायची, पाण्यात गुळासोबत भिजत घालायची आणि मडकी उकिरड्यात पुरून ठेवायची. त्या सडलेल्या पाण्याला सडवा म्हणतात. तो उकळून त्याची वाफ धरली की दारू. नव्या सुनेचं काम एकच, रोज मडक्यावर वाकून वास घ्यायचा आणि सडवा कुठवर आला ते सासूला सांगायचं. आधी नुसता गोड वास. मग गोडाच्या मागून आंबूस. मग बुडबुडे येतात, गोडी विरते आणि नाकात काहीतरी टोचायला लागतं. गोडी कुठं जाते, असं तिनं एकदा सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली, "जाते कुठं? मोडते. मोडल्याबिगर जोर येत नाई." रामीबाईला शाळा मिळाली नाही, पण हा एक धडा मिळाला, आणि तो खोटा नव्हता.

तीच मडकी पुढं तिनं आपल्या हातानं फोडली. तिचा नवरा हिरासिंग तेव्हा पीत असे. पोरगी बबिता नुकती चालायला लागली होती. तिला खांद्यावर घेऊन तो बाजाराला गेला आणि संध्याकाळी मोकळ्या खांद्यानं परत आला. पोरगी कुठं आहे, हे त्याला आठवेना. रामीबाई अनवाणी दारव्ह्याच्या वाटेला लागली. बबिता एका बांगडीवाल्या बाईपाशी कोपरापर्यंत बांगड्या घालून मजेत बसली होती. घरी येऊन रामीबाईनं पोरीला ओट्यावर ठेवलं, लोखंडी सब्बल घेतली आणि उकिरड्यातलं एकेक मडकं फोडत गेली. सासूनं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी हिरासिंगनं तांड्याचे संत सेवाभाया यांच्या देवळात हात ठेवून शपथ घेतली आणि ती पाळली. बबिता आता नेरला नांदते, तिला स्वतःची पोरं आहेत. एवढ्या काळात त्यानं थेंबाला शिवलं नाही.

फू करण्याचा नियम त्यानंतरचा, आणि शिक्षेचाही. ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत कोंडायचं. सोबत एक तांब्या पाणी. कबूल करीपर्यंत दुसरा तांब्या नाही, आणि कबूल केलं तरी दिवेलागणीपर्यंत सुटका नाही. दंड नाही, मारहाण नाही. रामीबाईला ही शिक्षा फार सौम्य वाटायची. त्या खोलीत ती स्वतः कधी बसली नव्हती, हेही इथं सांगायला हवं.

त्या साली चैत लागला, मोह फुलला, आणि एका सकाळी हिरासिंग चहाची कपबशी घ्यायला वाकला. रामीबाईच्या नाकाला वास लागला.

गोड. पिकून उतरलेल्या फळासारखा, दुसऱ्या दिवशीच्या सडव्यासारखा. तिचा हात तिथंच थांबला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का, असं तिच्या मनात आलं. तिनं पुन्हा वास घेतला. आता खरं सांगायचं तर नाकानं आपलं काम चोख केलं होतं. सडव्याच्या गोडीमागं जो आंबूसपणा असतो, तो या वासात नव्हता, आणि नाकानं ते तिला बजावलंही. पण संशय एकदा घरात शिरला, की तो नाकाचंसुद्धा ऐकत नाही. आंबूस नाही म्हणजे लवंग चघळली असेल, असं तिनं ठरवून टाकलं. मग लवंगेचा वास का नाही, हे स्वतःला विचारायचं राहून गेलं.

ती त्याच्यावर पाळत ठेवायला लागली.

पाळत ठेवणाऱ्याला काही ना काही सापडतंच. हिरासिंग पाणी फार प्यायला लागला होता. सकाळी भरलेलं पाण्याचं पितळी गुंड दुपारपर्यंत रिकामं. रामीबाई मनाशी म्हणाली, दारुड्याला अशीच तहान लागते. तो रात्रीतून चारदा उठून बाहेर जायचा. कुणाला भेटायला जातो? त्याचा पायजमा कंबरेवरून घसरायला लागला, गळ्याची हाडं दिसायला लागली. दारू माणसाला आतून खाते, हे तिनंच सगळ्या तांड्याला शिकवलं होतं. त्याची चाल बिघडली, डावा पाय ओढल्यासारखा पडायचा. विचारलं तर म्हणाला, "वावरात पऱ्हाटीचं खुंट घुसलं पायात." कापूस निघाल्यावर वावरात पऱ्हाटीची खुंटं उभी असतात आणि ती पायात जातात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रामीबाईला मात्र वाटलं, बहाणा बरा शोधला.

आणि मग मुंग्या आल्या.

बकऱ्यांच्या गोठ्यामागं कुंपणाशी एक कोपरा होता. तिथं एका सकाळी तिला काळ्या मुंग्यांची रांग दिसली. रांग कसली, वारूळ फुटल्यासारख्या त्या जमिनीवर पसरल्या होत्या. रामीबाईला सासू आठवली. भट्टीच्या दिवसांत सासू सगळ्यात जास्त भ्यायची ती पोलिसांना नाही, मुंग्यांना. पुरलेल्या मडक्याला चीर गेली, की गुळाचं पाणी झिरपतं, मुंग्या लागतात, आणि शिपायाला मुंग्या दिसल्या की खणायला सांगावं लागत नाही. म्हणजे बाईच्या नाकाखाली, तिच्याच बकऱ्यांमागं, मडकं पुरलेलं होतं.

हिरासिंग वावरात गेल्यावर तिनं तीच जुनी सब्बल काढली. गुडघाभर खड्डा झाला. खापराचा तुकडासुद्धा लागला नाही. ती घामाघूम होऊन आणखी बाजूला खणायला लागली, तेवढ्यात कुंपणावरून बसंतीबाईचं तोंड वर आलं.

बसंतीबाई म्हणजे रामीबाईचा उजवा हात. फाट्यावर तिच्या शेजारी बसणारी. पण उजव्या हाताच्याही मनात काही असतं. बसंतीबाईचा नवरा त्या पत्र्याच्या खोलीत दोनदा जाऊन आला होता, आणि दोन्ही वेळा कुलूप रामीबाईनं लावलं होतं.

"काय खंदून राह्यली व बाई?" तिनं विचारलं.

"लिंबोणी लावाची हाये."

"लिंबोणी? बकऱ्यापाशी?"

बकऱ्यांच्या तोंडाशी कुणी झाड लावत नाही. बसंतीबाईनं खड्ड्याकडं पाहिलं, मुंग्यांकडं पाहिलं, आणि "बरं" एवढंच म्हणून ती गेली. तिच्या त्या बरंमध्ये पुष्कळ काही होतं. तिचंही माहेर भट्टीवाल्यांचंच.

संध्याकाळी हिरासिंगनं खड्डा पाहिला. "हे काय?"

"लिंबोणी लावाची हाये."

तो पाय ओढत आत जाऊन निजला. पुढं काही विचारलं नाही. खरा माणूस असता तर विचारलं असतं, असं रामीबाईला वाटलं. आणि विचारलं असतं तर? तर खोलात का शिरतो, असं वाटलं असतं. तिचं तेव्हा असंच चाललं होतं.

मग तिनं रामधनला गाठलं. रामधन म्हणजे बाजाराच्या जीपचा ड्रायव्हर. तो जीप पुसत होता. "खरं सांग रामधन, बबिताचे बापू तुह्या गाडीत काय घेतात?"

"काका? काही नाई घेत काकू. थंड्याची बाटली घेतात, गोडवाली. आन गाडी दोनदा थांबवा लागते त्याइच्यासाठी."

"थांबवून कोनाले भेटतात?"

"कोनाले भेटतीन? झाडाले." रामधन हसला, मग तिचं तोंड पाहून त्यानं मान वळवली आणि काच पुसायला लागला. खाई त्याला खवखवे, असं मनात म्हणत तिनं सीटखाली हात घातला. रिकाम्या बाटल्या निघाल्या. एकेक हुंगली. नुसती साखर. यात मिसळून पीत असणार आणि नंतर बाटली धुवत असणार, असा तिनं निकाल लावला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडी तिनं त्याला समोर बसवलं. "बबिताची आन घेऊन सांगा. पेता का तुमी?"

हिरासिंगनं तिच्याकडं पाहिलं. डोळे खोल गेले होते. "बबिताची आन. थेंब नाई घेतला, रामी."

पण हे बोलताना त्याच्या तोंडातून तोच गोड भपकारा आला. शपथेलाच वास येत होता. ज्या पोरीला बाजारात विसरला तिचीच खोटी शपथ, या विचारानं रामीबाईच्या अंगाची लाही झाली. यापेक्षा त्यानं सरळ कबूल केलं असतं तर तिनं मन मोठं केलं असतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

बाजाराच्या दिवशी ती त्याला म्हणाली, "आज नका जाऊ." तो म्हणाला, "पायाले मलम आनतो." आणि गेला.

उन्हाळ्यात बाजार सकाळीच उरकतात. ऊन तापायच्या आत जीप फाट्यावर आली. बायका उतरल्या, पिशव्या उतरल्या, गडी रांगेला लागले. फू. जा घरी. फू. जा घरी. हिरासिंग शेवटी होता. जीपच्या दाराला धरत, पाय ओढत तो आला आणि वाकला. वाकताना झोक जाऊन त्यानं लिंबाला हात टेकला. त्यानं फू केली.

रामीबाईनं डोळे मिटले. वास पहिल्यापेक्षा दाट होता. मिटल्या डोळ्यांपुढं तिला खोली दिसली, कुलूप दिसलं, सगळा तांडा दिसला. आजवर ज्यांना ज्यांना कोंडलं त्यांची तोंडं दिसली. तिनं डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा फाट्यावर खोटं बोलली.

"जा घरी."

"थांबा भाऊ," बसंतीबाई म्हणाली. "मले बी घेऊ द्या."

बसंतीबाईनं वास घेतला, पदर नाकाला लावला आणि रामीबाईकडं पाहत म्हणाली, "माह्या मानसाच्या वक्ताले तं तुह्यं नाक बराबर चालत होतं, बाई."

रामीबाई उठली. पकडल्या गेलेल्या माणसाला आपण किती खरे आहोत ते दाखवायची जी घाई होते, ती तिला झाली. तिनं स्वतः नवऱ्याचा दंड धरला, स्वतः त्याला खोलीपर्यंत नेलं, एक तांब्या आत ठेवला आणि स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. नायक म्हणाला, "रामीबाई, मानूस आजारी दिसते." ती म्हणाली, "पेलेला मानूस आजारीच दिसते."

बायका खोलीबाहेर सावलीला बसल्या. थोड्याच वेळात आतून आवाज आला.

"रामी, पानी."

"देल्लं ना तांब्याभर."

"सरलं."

"कबूल करा, मंग भेटते."

"काय कबूल करू?"

पत्रा तापत गेला. आतून कण्हण्याचा आवाज येत राहिला, दारावर एकदा हात आपटल्यासारखं झालं. रामीबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं. उठून कुलूप काढावं असं तिला वाटलं नाही, असं नाही. पण बसंतीबाई समोर बसली होती.

शेवटी आतून आवाज आला, "पेलो."

सगळ्या बायका सावरून बसल्या.

"कोठी पेले?" रामीबाईनं विचारलं.

"तू म्हनशीन तेथी."

"कोनती पेले?"

"तू म्हनशीन ते. पानी दे, रामी."

बायका हसल्या. आणि रामीबाईला बरं वाटलं. रडू यायला हवं होतं, पण बरं वाटलं. खड्डा खणला, बाटल्या हुंगल्या, रात्री जागून काढल्या, त्यातलं काही वाया गेलं नव्हतं. नाक खरं ठरलं होतं. तिनं खिडकीतून तांब्या आत दिला. हिरासिंग तो घटाघटा प्यायला आणि त्यानं लगेच उलटी केली. "उतरून राह्यली," बसंतीबाई म्हणाली, आणि समाधानानं घरी गेली.

दिवेलागणीला रामीबाईनं कुलूप काढलं. दार ढकललं आणि उंबऱ्यातच तिचा पाय अडखळला.

खोली वासानं भरली होती. सकाळी फाट्यावर होता त्याच्या दुप्पट. पहिल्यांदा तिला रागच आला, आत बाटली नेली म्हणून. तिनं कोपरे पाहिले, त्याचे खिसे पाहिले, अंगाखाली हात घालून पाहिलं. खिशात मलमाची डबी होती, दुसरं काही नाही. हिरासिंग भिंतीशी पडला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, लांब, खोल श्वास, जसा काही तो डोंगर चढत होता. जीभ वाळून लाकूड झाली होती.

मग मात्र तिचं डोकं जागेवर आलं. दारूचा वास उतरत जातो. माणूस कितीही प्यालेला असो, दुपारचा वास संध्याकाळी उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? या खोलीत पाण्याशिवाय काही आलं नव्हतं आणि वास मात्र चढत गेला होता. म्हणजे तो बाहेरून आलेला नव्हता. तो या माणसाच्या आतून निघत होता. आणि त्यात आंबूसपणा नव्हता, पहिल्या दिवसापासून नव्हता. ते तिला माहीत होतं.

"रामधन!" ती अशी ओरडली, की आख्खा तांडा बाहेर आला.

दारव्ह्याला डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर सलाइन लावलं आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं दारात स्ट्रेचर धरणारा माणूस वाकला, त्यानं नाक आक्रसलं आणि म्हणाला, "लय पाजली वाटते याले."

"नाई पेला तो," रामीबाई म्हणाली.

"बाई, वास येऊन राह्यला."

"वास मले समजते. थो दारूचा नाई."

तो माणूस तिच्याकडं ज्या नजरेनं पाहत होता, ती नजर तिला ओळखीची होती. नवऱ्यासाठी खोटं बोलणाऱ्या बायकांकडं ती स्वतः फाट्यावर अशीच पाहायची. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हिरासिंगचा श्वास पाहिला, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला, आणि मग कुणी दारूचं नाव काढलं नाही. सगळे पळायला लागले.

धोका टळल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला बाकावर बसवलं. वयानं बबिताएवढ्याच होत्या. "मावशी, यांना शुगर आहे. कधीपासून असेल सांगता येत नाही. पायाची जखम चिघळली आणि सगळं एकदम उसळलं. पाणी खूप पीत होते का?"

"हो."

"लघवीला सारखे जात होते? त्या जागेला मुंग्या लागायच्या का?"

रामीबाई खाली पाहायला लागली. "लागत होत्या. मी खंदलं तेथी."

"खणलं? का?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या समजावायला लागल्या. आपण भाकर खातो, ती पोटात तुटत तुटत जाते आणि शेवटी तिची साखर होते. ती साखर रक्तातून अंगभर फिरते. पण शरीराच्या कणाकणात शिरून तिथं मोडायला तिला इन्सुलिन लागतं. ते यांच्यात कमी पडलं. साखर रक्तात साचली, लघवीतून वाहून गेली, सोबत अंगातलं पाणी घेऊन गेली. आत मात्र उपास.

"सरपण अंगणात भरपूर आहे, पण दाराला कुलूप आहे, असं समजा. घरातल्याला चूल तर पेटवायची आहे. मग तो घराचेच वासे काढून चुलीत घालतो. यांच्या शरीरानं तेच केलं. चरबी मोडायला घेतली. भराभर. म्हणून ते वाळले. चरबी मोडली की तिचे बारीक तुकडे होतात, त्यांना कीटोन म्हणतात. ते थोडे असले तर चालतं, फार झाले तर रक्त आंबतं, उलट्या होतात, श्वास वाढतो. त्यातलाच एक पदार्थ उडून जाणारा असतो, तो श्वासातून बाहेर येतो. नखांचा रंग पुसायच्या औषधात असतो ना, तोच. त्याचा वास गोड येतो."

"दारूवानी," रामीबाई म्हणाली.

"हो. पुष्कळांची फसगत होते."

रामीबाईच्या डोळ्यांपुढं उकिरड्यातली मडकी आली. मडक्यात गोडी मोडते. या माणसात चरबी मोडत होती. मोडल्याबिगर जोर येत नाई, सासू म्हणाली होती, पण मोडणाऱ्या माणसाला बाहेरून कुलूप लावलं तर काय होतं, ते सासूनं सांगितलं नव्हतं. "त्याले पानी देल्लं नाई मी," ती म्हणाली. "कुलपात ठेवलं." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं, आणि तिचा हात धरून बसल्या.

हिरासिंग शुद्धीवर आला तेव्हा ती उशाशी होती. तिनं चमच्यानं त्याला पाणी पाजलं. मग विचारलंच.

"पेले नव्हते, तं कबूल काहून केलं?"

"तहान लागली होती."

"बबिताची आन घेतली होती तुमी."

"ते खरी होती," हिरासिंग म्हणाला, आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

रामीबाई पदरात तोंड खुपसून रडली. वॉर्डातल्या बायकांना वाटलं, हिचा माणूस गेला.

तो बरा झाला. रोज पोटात सुई घ्यायची, गोड बंद, पायाला जपायचं. सुई द्यायला रामीबाई शिकली. तो तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. पाणी मात्र तिच्याकडं कधी मागायचा नाही, स्वतः उठून घ्यायचा.

घरी सोडलं तो बाजाराचा दिवस होता. यवतमाळहून एसटीनं दारव्ह्याला आले आणि तिथून रामधनच्या जीपमध्ये बसले. जीप फाट्यावर थांबली. बायका उतरल्या, पिशव्या उतरल्या. लिंबाखाली दगडापाशी बसंतीबाई एकटीच बसली होती. दोघांना पाहून ती ताडकन उठली. "या भाऊ," ती म्हणाली, "तुमाले नाई थांबा लागत. जा तुमी." रामीबाईला तिनं दगडाकडं हात केला. "बस बाई. तुही जागा."

रामीबाई बसली नाही. गडी उन्हात उभे होते, म्हणून तिनं उभ्यानंच एकेकाचा वास घेतला. फू. जा घरी. फू. जा घरी. गडी पुढं जाऊन थांबले, कारण हिरासिंग घरी गेला नव्हता. तो रांगेत शेवटी उभा होता. पायाला पट्टी, हातात औषधाची पिशवी. त्याची पाळी आली. तो तिच्यापुढं आला.

"घे."

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "इस्वास हाये मले तुमच्यावर."

"तवा पायजे होता, रामी," हिरासिंग म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसलं असतं. तो वाकला आणि त्यानं तिच्या तोंडावर फू केली. तिनं डोळे मिटले. चहाचा वास होता, औषधाचा होता, आणि त्याखाली त्याचा स्वतःचा, लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखीचा. गोड काही नव्हतं.

आता दोन शब्द म्हणायचे होते. नेहमी म्हणते तेच. ते तिला म्हणवेनात. ती म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा नियम होता. हिरासिंगनं तो मोडला नाही. दुखरा पाय अलगद टेकवून, सगळ्या तांड्यादेखत, तो तिच्यापुढं उभा राहिला.